कॉफीला विटाळ, सुपारीला मान

कॉफीमुळे कर्करोग होतो की कॉफीने कर्करोग टळतो, हा वाद गेले काही महिने गोव्यातल्या मराठी घरांत पेटला आहे. मोबाइलवर फिरणाऱ्या एका निरोपात लिहिलेलं असतं, की भाजलेल्या कॉफीत कर्करोगाचं रसायन असतं आणि अमेरिकेतल्या न्यायालयानेच ते मान्य केलं आहे. दुसऱ्यात असतं, की रोज तीन कप काळी कॉफी घेणाऱ्याचं यकृत शाबूत राहतं. फोंडा तालुक्यातल्या एका वाचनालयात आरोग्यावर व्याख्यान झालं, तेव्हा प्रश्नोत्तरांचा सगळा वेळ या एकाच विषयाने खाल्ला. एक निवृत्त मास्तर म्हणाले, "जिच्यावर संशय आहे ती वस्तू घरात हवीच कशाला?" त्यावर बँकेत काम करणारी एक तरुणी म्हणाली, "मास्तर, नवीन संशोधन वाचा. कॉफी औषध आहे, औषध!" टाळ्या दोघांनाही मिळाल्या. दारूबद्दल एकही प्रश्न आला नाही, तंबाखूबद्दल आला नाही. सुपारीबद्दल तर नाहीच. दाराशी तबकात विडे मांडून ठेवले होते.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. दिवसाला दोन-तीन कप कॉफी पिणाऱ्याला कर्करोगाच्या भीतीने ती सोडायचं कारण नाही. न पिणाऱ्याला कर्करोग टाळण्यासाठी ती सुरू करायचंही कारण नाही. आज हाती असलेल्या पुराव्यात एवढंच बसतं. पण हा लेख मी कॉफीच्या काळजीने लिहीत नाही. ज्या पद्धतीने आपण हा वाद घालतो ती पद्धत आपल्याला खऱ्या कारणांपासून दूर नेते, आणि गोव्यासारख्या लहान राज्यात, जिथे बहुतेक घरांनी बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळाची वाट कधी ना कधी तुडवलेली असते, तिथे हे महागात पडतं. मास्तर आणि ती तरुणी एकमेकांच्या विरुद्ध बोलताहेत असं सभेला वाटलं. मला ते दोघं एकच बोलताना ऐकू आले: वस्तू एक तर अपवित्र, नाही तर तीर्थ. किती, किती गरम, कशासोबत आणि कशाच्या तुलनेत, हे चार प्रश्न दोघांनीही विचारले नाहीत.

आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या एक गोष्ट सांगितली जाते. पोर्तुगीज अमलात गावच्या विहिरीत पाव टाकला जाई आणि ते पाणी प्यालेलं गाव बाटलं असं समजलं जाई. यात इतिहास किती आणि दंतकथा किती, ते इतिहासकारांनी ठरवावं. मला त्यातला हिशेब महत्त्वाचा वाटतो. विहीर केवढी, पाव केवढा, कोण किती पाणी प्यालं, हे त्या हिशेबात येतच नाही. स्पर्श झाला की संपलं. आणि गोष्टीत पाव टाकणारे परके असले, तरी बाटलेल्यांना पंक्तीतून उठवणारे आपलेच होते. पुढे पुण्यात १८९०च्या ऑक्टोबरात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली. टिळक, रानडे यांच्यासारखी माणसं हजर होती. गोपाळराव जोशींनी हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली आणि ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, उभं राहिलं. शंकराचार्यांचं कमिशन बसलं, प्रायश्चित्तं झाली. कुणी चहा प्यालं, कुणी नुसता कप हातात घेतला, यावर महिनोन्‌महिने खल झाला. चहाने प्रकृतीला काय होतं, हा प्रश्न त्या सगळ्या गदारोळात कुणालाच पडला नव्हता.

आज त्या पावाशिवाय फोंड्यातही सकाळ होत नाही आणि चहाचं प्रायश्चित्त कुणी घेत नाही. मग आपण त्या हिशेबातून बाहेर पडलो का? मला नाही वाटत. फक्त शब्द बदलला. पूर्वी 'बाटलेलं' म्हणत, आता 'कर्करोगकारक' म्हणतात, आणि तो शिक्का बसला की मात्रेची चौकशी थांबते. खरं तर मात्रेचा विचार आपल्याला परका नाही. नीट योजलं तर तीव्र विषही उत्तम औषध होतं आणि वाईट रीतीने वापरलं तर औषधही विष होतं, हे चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात आहे. बिब्बा घालून देणाऱ्या आजीला हे कुणी शिकवावं लागलं नाही.

या शिक्क्याचा उगम बहुधा फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेत असतो. ही जागतिक आरोग्य संघटनेची संस्था. ती पदार्थांची गटवारी करते: पहिला गट कर्करोगकारक, '२अ' बहुधा कर्करोगकारक, '२ब' कदाचित कर्करोगकारक, तिसरा गट म्हणजे पुराव्यावरून काहीच ठरवता येत नाही असा. हे गट एकच गोष्ट सांगतात: पुराव्याबद्दल शास्त्रज्ञांना किती खात्री आहे. धोका केवढा, हे ते सांगत नाहीत. २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस पहिल्या गटात गेलं, म्हणजे आपल्या बाजारात माळांनी टांगलेली डुकराच्या मांसाची चोरिसं तंबाखूच्या शेजारी जाऊन बसली. पण असं मांस रोज ५० ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. सिगारेट ओढणाऱ्याचा फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका १५ ते ३० पटींनी वाढतो. गट एक, संकटं दोन. गटाचा क्रमांक वाचून घाबरणारा आणि गटाचा क्रमांक वाचून निर्धास्त होणारा, दोघेही चुकीचा आकडा वाचताहेत.

आता मास्तरांच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा घेऊ. तो खोटा नाही. निरोपातलं ते रसायन म्हणजे अ‍ॅक्रिलामाइड, आणि कॉफीत ते असतंच. धान्य, बटाटे किंवा बिया १२० अंशांच्या वर भाजल्या-तळल्या, की त्यांतलं अ‍ॅस्परॅजिन नावाचं अमिनो आम्ल आणि साखर यांच्या संयोगातून ते तयार होतं. कारखान्यातलं हे रसायन आपल्या रोजच्या खाण्यात आहे, हे २००२च्या एप्रिलमध्ये स्वीडनच्या अन्न प्रशासनाने आणि स्टॉकहोम विद्यापीठाच्या संशोधकांनी जाहीर केलं तेव्हा जग हादरलं, आणि हादरणं रास्त होतं. त्याआधी १९९४ मध्येच ल्योंच्या संस्थेने त्याला '२अ' गटात घातलं होतं. उंदरांना ते पाण्यातून दिलं तेव्हा गाठी झाल्या होत्या. मग मास्तरांनी सावध राहा म्हटलं तर त्यांचं काय चुकलं?

चुकलं ते पुढच्या पायरीवर. उंदरांना दिलेली मात्रा माणसाच्या आहारातून जाणाऱ्या मात्रेच्या हजारो पटींनी जास्त होती. माणसांवर त्यानंतर झालेल्या मोठ्या पाहण्यांत आहारातलं अ‍ॅक्रिलामाइड आणि कर्करोग यांचा सातत्याने दिसणारा संबंध सापडलेला नाही. आणि अ‍ॅक्रिलामाइडपायी कॉफी वर्ज्य करायची, तर पाववाल्या पोदेराकडची खरपूस गोल काकणं, टोस्ट, बिस्किटं आणि बटाट्याचे काप यांचं काय करणार? तेच रसायन त्यांतही आहे. ज्यांना खरोखरच अ‍ॅक्रिलामाइड कमी करायचं आहे त्यांनी एक काम करावं: घरातलं कॉफीचं पाकीट उलटं करून मागचा बारीक मजकूर वाचावा. आपल्याकडच्या कित्येक पाकिटांवर कॉफीखाली चिकोरीचं प्रमाण छापलेलं असतं, आणि कायद्याने ते ४९ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. चिकोरी म्हणजे भाजलेलं मूळ. युरोपीय संघाने २०१७ मध्ये अ‍ॅक्रिलामाइडच्या संदर्भपातळ्या ठरवल्या, त्यात भाजलेल्या कॉफीसाठी किलोमागे ४०० मायक्रोग्रॅम आहेत आणि निव्वळ चिकोरीच्या पर्यायी पेयासाठी ४,०००. शिवाय कॉफी जितकी गडद भाजाल तितकं त्यातलं अ‍ॅक्रिलामाइड कमी होतं, कारण ते भाजण्याच्या सुरुवातीला तयार होतं आणि पुढे मोडत जातं. सावधगिरी हवी असेल तर ती अशी तपशिलात उतरते. निरोप पुढे पाठवणाऱ्यांपैकी कितीजणांनी पाकीट उलटं केलं?

न्यायालयाचीही गोष्ट अर्धीच फिरते. कॅलिफोर्नियात १९८६चा एक कायदा आहे, ज्यानुसार यादीतलं रसायन ज्या मालात असेल त्यावर इशारा छापावा लागतो. त्याखाली कॉफी विकणाऱ्या कंपन्यांवर २०१० मध्ये दावा झाला आणि २०१८च्या मार्चमध्ये न्यायाधीशांनी कंपन्यांच्या विरोधात कौल दिला. कॉफीने कर्करोग होतो असं त्यांनी म्हटलं नव्हतं. कंपन्यांना त्या कायद्यातला अपवाद लागू होतो हे त्या सिद्ध करू शकल्या नाहीत, एवढंच ठरलं. सिद्ध करायची जबाबदारी कायद्याने त्यांच्यावर होती. पुढे त्याच राज्याच्या आरोग्य यंत्रणेने पुरावा तपासला आणि २०१९ मध्ये नियम करून कॉफीला त्या इशाऱ्यातून वगळलं. निरोपात मार्च २०१८ आहे, २०१९ नाही.

"पण हे शास्त्रज्ञ सारखे बदलतात," असा दुसरा आक्षेप येतो, आणि त्यातही तथ्य आहे. ल्योंच्या याच संस्थेने १९९१ मध्ये मूत्राशयाच्या कर्करोगासाठी कॉफीला '२ब' गटात टाकलं होतं. २०१६ मध्ये २३ तज्ज्ञांनी हजारावर अभ्यास तपासून तिला तिसऱ्या गटात आणलं. त्याआधी १९८१ मध्ये हार्वर्डच्या ब्रायन मॅकमहन यांनी नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात कॉफी आणि स्वादुपिंडाचा कर्करोग यांचा संबंध मांडला होता आणि जगभर मथळे झाले होते. सामान्य माणसाने मग विश्वास कशावर ठेवायचा?

मत का बदललं, हे पाहिलं तर उत्तर सापडतं. मॅकमहन यांनी कर्करोगाच्या रुग्णांची तुलना ज्यांच्याशी केली, ते त्याच डॉक्टरांकडे येणारे इतर रुग्ण होते. त्यांतल्या पुष्कळांना पोटाचे विकार होते आणि पोटाच्या त्रासाने त्यांनी आधीच कॉफी कमी केली होती. त्यामुळे कर्करोगाचे रुग्ण जास्त कॉफी पिणारे दिसले. त्याच गटाने १९८६ मध्ये पुन्हा अभ्यास केला तेव्हा तो संबंध टिकला नाही. मूत्राशयाच्या बाबतीत गोंधळ सिगारेटने केला होता. हे समजायला प्रयोगशाळा लागत नाही. म्हापशाच्या बसस्थानकाजवळच्या कुठल्याही गाड्यावर सकाळी उभं राहावं. एका हातात पेला असलेल्या किती पुरुषांच्या दुसऱ्या हातात विडी-सिगारेट आहे ते दिसेल. मूत्राशयाच्या कर्करोगाचं मोठं कारण धूम्रपान. धूम्रपान करणारे कॉफीही जास्त पितात. कॉफी फक्त घटनास्थळी सापडली होती. २०१२ मध्ये अमेरिकेत चार लाखांवर लोकांच्या पाहणीत हे लख्ख दिसलं: वयाचा तेवढा हिशेब केला तेव्हा कॉफी पिणारे जास्त मरताना दिसले, सिगारेटचा हिशेब केल्यावर चित्र उलटलं आणि ते थोडे कमी मरताना दिसले. त्यातही कर्करोगाच्या मृत्यूंमध्ये म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. जे शास्त्र आपली चूक कुठे झाली ते दाखवून मत बदलतं, त्यावर मी अधिक विश्वास ठेवते.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि तो मला सगळ्यांत गंभीर वाटतो. कॉफी हा प्रचंड उद्योग आहे, तो संशोधनाला पैसे पुरवतो, आणि या बाबतीत इतिहास आपल्याला निर्धास्त राहू देत नाही. १९५४च्या जानेवारीत अमेरिकेतल्या तंबाखू कंपन्यांनी चारशेवर वृत्तपत्रांत निवेदन छापलं, की लोकांचं आरोग्य आम्हाला सर्वांत महत्त्वाचं आहे आणि आम्ही संशोधनाला मदत करू. पुढची कित्येक दशकं त्यांनी त्या संशोधनाच्या आडून शंका पसरवल्या आणि त्या काळात माणसं मरत राहिली. म्हणून संशय घ्यावाच. मात्र संशय घेतल्यावर तपासही करावा. तंबाखूच्या बाबतीत उद्योगाचा पैसा बाजूला काढला की उरलेला सगळा पुरावा एकाच दिशेने बोट दाखवत होता. कॉफीच्या बाबतीत उद्योगाचा पैसा बाजूला काढला तरी सरकारी आणि सार्वजनिक निधीवर झालेल्या मोठ्या पाहण्या, अमेरिकेतली ही २०१२ची आणि युरोपातल्या दहा देशांतल्या पाच लाखांवर लोकांची २०१७ची, एकंदरीत नुकसान दाखवत नाहीत. दोन उद्योग आहेत म्हणून दोन्हीकडे एकच लबाडी असलीच पाहिजे, हा तर्क पुन्हा स्पर्शाचाच आहे.

आता त्या तरुणीकडे वळू. तिचं म्हणणंही निराधार नाही. यकृताचा आणि गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग कॉफी पिणाऱ्यांत कमी आढळतो; जागतिक कर्करोग संशोधन निधीने हा संबंध 'संभाव्य' या वजनदार श्रेणीत ठेवला आहे. यकृताच्या बाबतीत तर रोजच्या प्रत्येक कपामागे सुमारे १४-१५ टक्के कमी धोका असे हिशेब निघाले आहेत. आकडा मोठा आहे. पण जी कसोटी आपण मास्तरांना लावली ती हिला का लावू नये? यकृत बिघडायला लागलं की माणसाला कॉफी नकोशी होते, हा मॅकमहन यांच्या चुकीचा उलटा अवतार इथेही असू शकतो. सकाळी निवांत तीन कप कॉफी पिणारा माणूस पुष्कळदा बऱ्या पगाराचा आणि वेळेवर डॉक्टर गाठणारा असतो. लोकांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटून, वर्षानुवर्षे कॉफी पाजून कर्करोग मोजलेला प्रयोग नाही. ब्रिटनमधल्या तीन लाखांवर लोकांच्या माहितीवर २०१९ मध्ये, कॉफीची ओढ ठरवणाऱ्या जनुकांचा आधार घेऊन अभ्यास झाला, तेव्हा कॉफीचा एकूण कर्करोगाशी संबंध दिसला नाही, ना वाईट ना चांगला. म्हणून 'औषध' म्हणायची घाई नको. आणि यकृताचीच काळजी असेल तर त्याचे खरे शत्रू आपल्याला माहीत आहेत: दारू, हिपॅटायटिस बी आणि सी, आणि वाढतं वजन. तैवानने १९८४ मध्ये बाळांना हिपॅटायटिस बीची लस द्यायची मोहीम सुरू केली आणि पुढच्या काळात तिथल्या मुलांमधला यकृताचा कर्करोग घटला. आपल्याकडेही ती लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. तिच्याबद्दल कुणी निरोप पाठवलेला मला आठवत नाही.

कॉफीच्या पेल्यात धोका दाखवायचाच असेल तर तो एका ठिकाणी खरोखर सापडतो, आणि त्याचा कॉफीच्या बीशी काही संबंध नाही. २०१६च्या ज्या बैठकीत कॉफी तिसऱ्या गटात गेली, त्याच बैठकीत ६५ अंशांहून गरम पेयं, मग ती कॉफी असोत, चहा असोत की नुसतं पाणी, '२अ' गटात गेली. कारण अन्ननलिका. इराणच्या गोलेस्तान प्रांतात अन्ननलिकेचा कर्करोग फार. तिथे पन्नास हजारांवर लोकांच्या चहाचं तापमान मोजून वर्षानुवर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवलं गेलं. साठ अंश किंवा त्याहून गरम चहा दिवसाला ७०० मिलिलिटरपेक्षा जास्त पिणाऱ्यांत, कमी आणि साठ अंशांखालचा चहा पिणाऱ्यांच्या तुलनेत, हा धोका सुमारे ९० टक्के जास्त निघाला. आपल्याकडे दूध उकळून केलेली कॉफी स्टीलच्या पेल्यात ओतली की पेला हातात धरवत नाही. पदराने, रुमालाने धरतात, आणि तोच पेला ओठाला लावणारे प्रत्येक घरात एक-दोन असतात. 'गरम गरम घे' हा आपला आग्रहाचा शब्द. मी स्वयंपाकघरातला थर्मामीटर पेल्यात बुडवून पाहिला, तेव्हा ओतल्या ओतल्या काटा ऐंशीच्या आसपास होता आणि पासष्टच्या खाली यायला काही मिनिटं जावी लागली. दाक्षिणात्य उपाहारगृहात डबऱ्यात वरखाली ओतून फेस आणतात, त्यात कॉफी आपोआप निवते. तेवढं थांबायला पैसा लागत नाही, कॉफी सोडावी लागत नाही. पण हा साधा मुद्दा वादात येतच नाही, कारण त्यात कुणाला जिंकता येत नाही.

आणि आता ज्या गोष्टीमुळे मला राग येतो तिच्याकडे. १७७७ मध्ये प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याने फर्मान काढलं, की प्रजेने कॉफी सोडून बिअर प्यावी; आपले पूर्वज बिअरवर वाढले, मीही वाढलो. कॉफी परदेशातून यायची, पैसा बाहेर जायचा, म्हणून ती वाईट. बिअर घरची, म्हणून ती पौष्टिक. आज कॉफी तिसऱ्या गटात आहे आणि मद्य, बिअरसकट, १९८८ पासून पहिल्या गटात. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं आणि स्त्रियांचे स्तन, एवढ्या ठिकाणच्या कर्करोगांशी दारूचा संबंध पक्का झाला आहे. २०२० या एका वर्षात जगभरातले सुमारे ७ लाख ४१ हजार नवे कर्करोग दारूमुळे झाले, असा अंदाज मांडला गेला. इथे मात्राही फारशी बचाव करत नाही. स्तनाच्या कर्करोगाचा धोका रोजच्या एखाद-दुसऱ्या पेल्यापासूनच वाढू लागतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत गोव्यातल्या तीनातल्या एकाहून जास्त पुरुषांनी दारू पितो असं सांगितलं. आणि आपण वाचनालयात बसून कॉफीवर भांडतो? फ्रेडरिक सुमारे अडीचशे वर्षांपूर्वीचा राजा होता, त्याला हा पुरावा माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. आपल्याला आहे.

दारूबद्दल बोललं की समोरून उत्तर येतं, आणि ते ऐकून घेण्यासारखं असतं. काजूची फेणी ही इथल्या डोंगरउतारांवरची कला आहे, २००९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, भाटी लावणाऱ्यांची, बोंडं गोळा करणाऱ्यांची घरं तिच्यावर चालतात, पर्यटनाचा मोठा भाग दारूभोवती फिरतो. हे सगळं खरं आहे. मी फेणीची भाटी विझवा म्हणत नाही. मी म्हणते, बाटली घेणाऱ्याला खरं ते कळू द्या. देशभर दारूच्या बाटलीवर २०१९ पासून जो वैधानिक इशारा आहे त्यात मद्यपान आरोग्यास अपायकारक आहे आणि पिऊन गाडी चालवू नका, एवढं आहे. कर्करोग हा शब्द त्यात नाही. कॅलिफोर्नियात कॉफीच्या कपावर तो शब्द छापायला आठ-नऊ वर्षं खटला चालतो आणि आपल्या बाटलीवर, जिथे तो शंभर टक्के लागू आहे, तिथे त्याची मागणी क्वचितच ऐकू येते.

सुपारीबद्दल लिहिताना माझा हात थोडा अडखळतो, कारण ती आपली आहे. सत्तरी, फोंडा, सांगे या तालुक्यांतली कुळागरं, म्हणजे बागायती, सुपारीवर उभी आहेत. पूजेत गणपतीच्या जागी सुपारी मांडतो, लग्न ठरलं की सुपारी फुटते. पण मांडणं वेगळं आणि चघळणं वेगळं. २००४ मध्येच ल्योंच्या संस्थेने सुपारीला, तंबाखू न घातलेल्या नुसत्या सुपारीलासुद्धा, पहिल्या गटात घातलं. रोज चघळणाऱ्याच्या गालाचं आतलं अस्तर हळूहळू ताठ होतं, तोंड पुरेसं उघडेनासं होतं, तिखट जिभेला सोसत नाही. दाताच्या डॉक्टरांना हे चित्र परिचयाचं आहे आणि त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. २०२२ मध्ये जगातल्या तोंडाच्या कर्करोगाच्या सुमारे तीन लाख नव्वद हजार नव्या रुग्णांपैकी एक लाख वीस हजारांचं कारण धूररहित तंबाखू आणि सुपारी होतं, असा अंदाज त्याच संस्थेने २०२४ मध्ये दिला. त्यांतले ८३ हजारांवर रुग्ण एकट्या भारतातले. कॉफीसाठी असा एकही आकडा कुणाला देता येईल का? ज्या मास्तरांना संशयित वस्तू घरात नको होती, त्यांनी जाताना तबकातला विडा उचलला. त्यांना दोष देत नाही. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, कारण सांगण्याचा वेळ आपण कॉफीवर घालवला.

हे राज्य या बाबतीत काही करू शकत नाही असं म्हणायला जागा नाही. बहुतेक राज्यांत आजची गुटखाबंदी २०१२ पासून येऊ लागली. गोव्याने ती २००५ मध्ये घातली होती. त्याहीआधी, १९९७ मध्ये, धूम्रपान आणि थुंकण्याविरुद्ध स्वतंत्र कायदा केला होता. २०१६-१७च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत वापराचं प्रमाण देशात सर्वांत कमी गोव्यात आढळलं: ९.७ टक्के, तर त्रिपुरात ६४.५. कायदा, शाळा आणि घरची नापसंती एकत्र आली की काय होतं ते या आकड्यात दिसतं. बाटलीवरचा इशारा केंद्राच्या नियमाने ठरतो, पण बारच्या आणि दारूच्या दुकानाच्या दर्शनी भिंतीवर कोकणीत आणि मराठीत कुठल्या सात जागी कर्करोग होऊ शकतो ते लिहिलेला फलक परवान्याच्या अटीत घालायला पणजीला दिल्लीची वाट पाहावी लागू नये. पानाच्या गादीवर तसाच सुपारीचा फलक लागू शकतो. कुळागरवाल्यांना सुपारीसोबत मिरी, जायफळ, वेलची यांचा चांगला भाव मिळवून देणं हे बागायतदारांच्या संस्थांचं काम आहे, आणि ते आजच सुरू करायला हवं, कारण सुपारीवरचा पुरावा मागे फिरण्याची चिन्हं नाहीत. पुढच्या व्याख्यानाला वक्ता बोलावताना वाचनालयांनी एवढं करावं: तोंडाची तपासणी करणारा दंतवैद्य सोबत आणावा, आणि प्रश्नोत्तरांआधी ज्यांना हवं त्यांना खुर्चीवर बसवून, बॅटरीच्या उजेडात गालाच्या आत पाहून घ्यावं.